जुन्या गाडीच्या कार्पेट मॅटवरचे जुनाट डाग घरच्या घरी निघतील का?

तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्यात राहता, पंधरा वर्षांची सेकंडहॅण्ड गाडी घेतलीय, चारही मॅटवर चहा, पान, चिखल आणि काळे तेलकट पट्टे आहेत, आणि धुलाई सेंटरवाला म्हणतो, 'फेकून द्या, नव्या घ्या.' इतक्यात फेकू नका. गाडीसोबत आलेल्या मूळ मॅट त्याच गाडीच्या मापाने कापलेल्या असतात. बाजारातल्या सगळ्या गाड्यांना चालणाऱ्या मॅट कुठेतरी कमी पडतात, नाहीतर कोपऱ्यात दुमडतात. शिवाय या मॅटचे दोरे बहुधा नायलॉनचे नाहीतर पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि ते सुती कापडाइतका डाग पीत नाहीत. काळं दिसतंय त्यातला बराच भाग डाग नसतोच, तेलाला चिकटलेली धूळ असते.

म्हणून सुरुवात पाण्याने करायची नाही. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. आणली मॅट, मारला पाइप, आणि दोऱ्यांच्या मुळाशी बसलेल्या धुळीचा चिखल झाला. मी घोडबंदर रोडला राहते. मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून आमच्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नाही, त्यात सिमेंट आणि रेती असते, आणि सिमेंट ओलं झालं की काय करतं ते सांगायला नको. मॅट कडकडीत वाळू द्या, उलटी करून कठड्यावर टाका आणि पाठीमागून काठीने झोडपा. खाली जी बारीक रेती पडेल ती बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. मग सुलटी करून, दोरे ब्रशने उलट्या दिशेने उभे करत करत व्हॅक्यूम फिरवा. घरी व्हॅक्यूम नसेल तर पुन्हा झोडपा. गावाकडून आलेल्या लाल मातीला तर हाच इलाज आहे. तिचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. तो पाण्यात विरघळत नाही आणि साबणातही नाही, त्यामुळे जितका कोरडा निघेल तितका काढून घ्यायचा.

धुवायला महागडा शाम्पू लागत नाही. अर्धी बादली कोमट पाणी आणि त्यात चमचाभर भांडी घासायचा लिक्विड साबण पुरतो. पाणी उकळतं घेऊ नका, जुन्या मॅटची पाठ आणि तिचा गोंद सुटतो. ब्रश कपड्यांचा, नायलॉनचा घ्या, तारेचा नको. ड्रायव्हरच्या बाजूला टाच टेकते तिथला काळा तेलकट पट्टा मात्र आधी वेगळा हाताळा. कोरड्या मॅटवरच लिक्विडचे थेंब टाका, बोटाने पसरा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या आणि मगच ब्रश आणि पाणी. आधीच ओल्या केलेल्या मॅटवर साबण पातळ होतो आणि तेलापर्यंत पोचतच नाही. डांबर असेल तर त्यावर खोबरेल तेल चोळून ते मऊ करा, बोथट चमच्याने खरवडा, मग हाच साबण. लोक रॉकेल सुचवतील. रॉकेलने पाठीचं रबर फुगतं आणि बंद गाडीत वास महिनोन्‌महिने राहतो.

चहा आणि पान यांचा स्वभाव वेगळा. दोन्हींत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, चहात चहाचं आणि पानात कात-सुपारीचं. तिथे धुण्याचा सोडा किंवा खायचा सोडा लावू नका, क्षाराने असे डाग आणखी गडद होतात. समप्रमाणात पांढरं व्हिनेगर आणि पाणी घेऊन डाग भिजवा आणि पांढऱ्या फडक्याने टिपत राहा. चोळलं की डाग पसरतो. तरीही पिवळट-तांबूस छटा उरली तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलं असेल तर ते साधारण ६ टक्क्यांचं असतं, तेवढंच पाणी मिसळलं की ३ टक्क्यांचं होतं. आधी मॅटच्या मागच्या कोपऱ्यावर थेंबभर टाकून रंग उडतोय का बघा. काळ्या-राखाडी मॅटवर कपड्यांचं ब्लीच अजिबात नको, नारिंगी ठिपके पडतात आणि ते कायमचे. व्हिनेगर लावलेल्या जागी तर ब्लीच घातकच, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मागच्या सीटखाली पिवळा डाग असेल आणि साबण लागताच तो लालभडक झाला तर घाबरू नका, कुणाच्या तरी डब्यातली आमटी सांडली असणार. हळद क्षारात लाल होते, साबण धुऊन काढला की पुन्हा पिवळी. उरलेली छटा उन्हाने जाते, फक्त थोडे दिवस द्यावे लागतात. गंजाच्या डागाला लिंबू आणि मीठ. च्युइंगगमवर बर्फाची पिशवी, कडक झाला की तुकड्यात निघतो.

आता खंगाळणं. माझ्या मते अख्ख्या कामात महत्त्वाचं हेच, आणि याचाच सगळ्यांना कंटाळा. दोऱ्यात साबण उरला तर मॅट वाळल्यावर किंचित चिकट राहते आणि आठवड्याभरात पूर्वीपेक्षा जास्त मळते. मग लोक म्हणतात, 'धुऊन काही उपयोग नाही.' मॅट तिरकी उभी करा, वरून पाणी सोडा आणि फरशी पुसायच्या रबरी वायपरने वरून खाली ओढा. खाली येणारं पाणी फेसाळ असेल तोवर थांबायचं नाही. पाइप मारून सोसायटीचं पाणी उधळायची गरज नाही, वायपर असला की मगाने भागतं.

वाळवायला ऑक्टोबरनंतरचं ऊन धरा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की मॅट वरून वाळल्यासारखी वाटते आणि पाठीकडून ओलीच राहते, मग बुरशी. पावसात धुवावीच लागली तर घरात उभी करून पंख्याखाली ठेवा. हाताला कोरडी लागली म्हणून लगेच गाडीत टाकू नका. तिच्यावर वर्तमानपत्र ठेवून पाय देऊन बघा, कागद ओला झाला नाही तर झालं.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक. मॅट काढल्यावर खालच्या कार्पेटला हात लावून बघा. डावीकडची बाजू ओली असेल तर दोष मॅटचा नाही. एसीच्या ज्या भागावर दव धरतं तो बऱ्याच गाड्यांत डाव्या डॅशबोर्डमागे असतो आणि ते पाणी एका नळीने गाडीखाली गळतं. आपल्या दमट हवेत एसी थोडा वेळ चालवला की गाडीखाली थेंब पडायलाच हवेत. पडत नसतील तर नळी तुंबलीय आणि पाणी आत येतंय. मेकॅनिककडे हे किरकोळ काम आहे. गाडी गुलमोहराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली लागत असेल तर बॉनेट उघडून काचेच्या खालची खोबणसुद्धा साफ करा, त्या बारीक पानांनी पाण्याची वाट बंद होते. डाग चिकट आणि गोडसर वासाचा असेल, काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गळतंय. ते विषारी असतं, हातमोज्याशिवाय हात लावू नका आणि मॅट धुण्याआधी गाडी दाखवा. क्लच पेडलच्या थेट खाली तेलकट थेंब दिसले आणि गाडीला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा, क्लच असेल तर तेव्हाही आधी गाडी दाखवा. त्या तेलाने रंगही सोलतो.

मॅट टाकून देण्याजोगी कधी? पाठीचं रबर हाताला भुगा होऊन लागत असेल, कडा सुटून दोरे निघत असतील तेव्हा. डाग राहिला हे कारण नाही.

वाळलेली मॅट परत बसवताना ड्रायव्हरच्या मॅटचा हुक नीट अडकवा आणि एकावर एक दोन मॅट टाकू नका. मॅट सरकून ॲक्सिलरेटर अडकण्याच्या भीतीपायी २००९ साली टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यामुळे ही गोष्ट किरकोळ समजू नका. सेकंडहॅण्ड गाडीत हा हुक तुटलेला असण्याची शक्यता बरीच असते. ॲक्सेसरीच्या दुकानात क्लिप मिळते. ती बसेपर्यंत ड्रायव्हरची मॅट डिकीत ठेवा आणि तसेच चालवा.