काटा बरोबर, बिल चूक

भाऊ, तुमचा एरर पाहिला. गावानुसार कापसाची बेरीज काढायचं फंक्शन, रिटर्न्स टेबलमध्ये (उत्तराच्या कॉलमची यादी) गाव टेक्स्ट अन् एकूण बिगइंट (मोठा पूर्णांक), आणि पोस्टग्रेस डेटाबेस म्हणते 'स्ट्रक्चर ऑफ क्वेरी डझ नॉट मॅच फंक्शन रिझल्ट टाईप', म्हणजे क्वेरीचे कॉलम फंक्शनमध्ये लिहिलेल्या टाईपशी जुळत नाही. तुमच्या टेबलात गाव व्हारचार(५०) (५० अक्षरांपर्यंतचा मजकूर) आहे अन् वजन न्यूमेरिक (दशांशाचा आकडा), भांडण तिथंच आहे. व्हारचार अन् टेक्स्ट आपल्याले सख्खे भाऊ वाटतात, पण फंक्शनमधून उत्तर परत देणारी रिटर्न क्वेरी ते मानतच नाही. आता ते फक्त कॉलम १ बद्दल ओरडतंय, तो सुधारला की २ वर अडेल. फंक्शन बनताना काही बोलत नाही, चालवलं की मग रडते.

गाव::टेक्स्ट करा (:: म्हणजे कास्ट, टाईप बदलणं), काही बिघडत नाही. पण बेरजेले ::बिगइंट लावू नका राजेहो, रिटर्न्स टेबलमध्येच न्यूमेरिक लिहा. न्यूमेरिक(१०,२) लिहूनही फायदा नाही, फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये (त्याच्या व्याख्येची वरची ओळ) तो कंसातला भाग पोस्टग्रेस सोडूनच देते, दोन दशांश पाहिजे असतील तर आत राउंड लावा.

इतका जीव तोडून काहून सांगतो, तर मी एका जिनिंगसाठी (कापसातली सरकी काढायचा कारखाना) चुकाऱ्याचं, म्हणजे शेतकऱ्याले द्यायच्या पैशाचं फंक्शन लिहिलं होतं अन् वजनाचा व्हेरिएबल इंटिजर (पूर्णांक) ठेवला. तिथं एरर नाही, वॉर्निंग नाही, व्हेरिएबलमध्ये टाकताना पोस्टग्रेस गुपचूप राउंड करते. एका काकांचा कापूस १८.३५ क्विंटल, बिल निघालं १८ चं, ते काटापावती घेऊन माझ्या टेबलासमोर उभे. ३५ किलो म्हणजे ७००० च्या भावानं २४५० रुपये, त्यांनी तोंडी हिशेब केला माझ्या आधी. मग जुनी बिलं काढली तर १८.६५ वाल्याचे १९ झालेले, तो बाप्पा कशाले सांगायले येते!

तुमचा एरर त्यापेक्षा बरा, निदान ओरडतो तरी.

अन् SUM म्हणजे बेरजेच्या फंक्शनचं ध्यानात ठेवा, इंटिजरची बेरीज बिगइंट येते, बिगइंटची न्यूमेरिक, काउंट (मोजणी) नेहमी बिगइंट. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर असते तर वेगळीच गंमत, तिथं वजन टेक्स्टमध्ये '१८.३५' असं देवनागरी आकड्यात कोणी भरलं अन् बेरीज मारली तर ते शून्य धरून पुढं जाते, पोस्टग्रेस निदान कास्ट करताना अडते तरी. कुठं वजन टेक्स्टमध्ये ठेवलं असेल अन् ऑपरेटरनं मराठी कीबोर्ड चालू ठेवून एंट्री मारली असेल तर आधी तो कॉलम तपासा, मग फंक्शन बदला.

टेबलाची व्याख्या टाका इथं, बाकी कॉलम कोणत्या टाईपचे ठेवले ते नक्की पाहून सांगतो.