पाचवर आलोय, पुढं जमेना

प्रश्न : वय 51. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची हमाली करतो. विसाव्या वर्षापासून बिडी आहे, रोज दीड बंडल व्हायचं. खोकल्यासाठी आरोग्य केंद्रात गेलो की डॉक्टर "बिडी सोडा" म्हणतात आणि औषधाची बाटली देतात. तीनदा सोडली. दरवेळी आठ-दहा दिवस निघतात, मग सौदे संपल्यावर टपरीवर कुणीतरी बिडी पुढं करतं आणि परत सुरू. आता पाचवर आणलीय. एवढी चालेल का? सकाळची एक ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. सोबतचे म्हणतात, तंबाखू धर, बिडी आपोआप सुटेल. बायको मिश्री लावते, त्यामुळं ती काही बोलत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही बंडलाचा आकडा खरा लिहिलात, याचंच मला अप्रूप. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी एकवीस वर्षं ओपीडी सांभाळली. "ओढता का?" विचारलं की पुरुष मंडळींचं ठरलेलं उत्तर : "कवाच सोडली, म्याडम." मग मी नाडी बघायच्या निमित्ताने हात हातात घ्यायची. अंगठा आणि पहिलं बोट हळकुंडासारखं पिवळं, वरच्या खिशात काडेपेटी. (तुमची बोटं हळदीनंच पिवळी असणार, तुम्ही मला सहज फसवलं असतंत.) बाईमाणसापुढं कबूल करायची लाज, हा एक भाग. दुसरा दोष आमचा. बाहेर रांग लागलेली असताना आम्हीही "सोडा" एवढंच म्हणतो आणि पुढच्याला हाक मारतो. सोडायची कशी, हे सांगायला वेळ लागतो.

दीड बंडलावरून पाचवर येणं सोपं नव्हतं, हे मी जाणते. पण पाच चालणार नाहीत. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जादा धोका असतो, आणि तो वीस ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा भरतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा! शिवाय मोजून ओढणारा माणूस हातातली बिडी ओठाला चटका बसेपर्यंत सोडत नाही. बिडीत तंबाखू सिगारेटच्या पाव हिश्श्याइतकीच असते, पण तेंदूचं पान नीट जळत नाही. विझू नये म्हणून झुरक्यावर झुरके मारावे लागतात आणि धूर खोल जातो. "पानाची असती, बाधत न्हाई" हे मी शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकलंय.

आता सकाळची बिडी. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत जिला हात जातो, ती सोडायला सगळ्यांत अवघड. निकोटिन आतड्यांना चालना देतं, म्हणून पोट साफ होतं, हा तुमच्या मनाचा खेळ नाही. सोडल्यावर काही आठवडे मलावरोध होऊ शकतो. रात्री इसबगोल भरपूर पाण्यातून घ्या, सकाळी तांब्याभर कोमट पाणी प्या आणि रोजच्या वेळेला जाऊन बसा, होवो न होवो. आतडी नवी सवय लावून घेतात.

निकोटिनचा च्युइंगगम 2 आणि 4 मिलिग्रॅमचा मिळतो. उठल्याउठल्या ओढणाऱ्याला बहुधा 4 चा लागतो, तो डॉक्टरांना विचारूनच घ्या. हृदयाचा त्रास असेल तर आधी तो सांगा. आमच्याकडच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं हा गम शेंगदाण्यासारखा चावला. उचक्या लागल्या, छातीत जळजळलं, आणि "म्याडम, ह्यापरास बिडी बरी" म्हणत पाकीट टेबलावर आदळून गेला. चूक माझी, कसा खायचा ते मी सांगितलंच नव्हतं. हळू चावायचा, जिभेला झिणझिण लागली की थांबायचं आणि तंबाखूचा बार धरतात तसा गालात धरून ठेवायचा. झिणझिण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा. असं अर्धा तास. खायच्या आधी पाव तास चहा नको, नाहीतर गुण येत नाही.

तलफेचा जोर पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत जास्त असतो. ते तुम्ही तीनदा पार केलेत. तुम्ही हरता ते टपरीवर, कारण पुढं आलेली बिडी नाकारणं म्हणजे माणसाला नाकारल्यासारखं वाटतं. म्हणून दिवस ठरवा आणि आदल्या दिवशी टपरीवर सगळ्यांदेखत सांगून टाका, "उद्यापासून मला देऊ नका." चार दिवस टिंगल होईल, होऊ दे. पहिले दोन आठवडे चहा दुसऱ्या टपरीवर प्या. हुक्की आली तर ती पाच-सात मिनिटांत ओसरते, तेवढ्यात दोन पोती उचलून होतात. हळदीचा हंगाम संपल्यावर बघू, असं मात्र म्हणू नका, त्यानंतर दुसरं काहीतरी निघतं. 1800-11-2356 या फुकट नंबरावर फोन केलात तर सोडताना सोबत करणारी माणसं मिळतात.

सोबत्यांचा सल्ला ऐकू नका. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात 100 प्रौढांत ओढणारे 4 च्या आसपास निघाले आणि तंबाखू तोंडात धरणारे 24 च्या आसपास. तोंडाच्या कर्करोगाचे पेशंट आम्ही कुठून आणतो, ते यातून समजा. बिडीवरून तंबाखूवर गेलेला माणूस मला "सुटलो" सांगायला यायचा, गालात बार धरूनच.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर बाटली नको, थुंकी तपासून घ्या. ओढणाऱ्यांना क्षयरोगाचा धोका जास्त असतो आणि ही तपासणी केंद्रातून फुकट होते. बिडी सोडल्यावर सुरुवातीला खोकला आणि बेडके वाढल्यासारखे वाटतील. फुप्फुसं झाडलोट करू लागलीत, एवढंच समजा, घाबरून परत ओढू नका.

वहिनींची मिश्रीही तंबाखूच आहे. पण त्यांना तुम्ही काही सुनवायला जाऊ नका. विचारायचं असेल तर त्यांनी स्वतः पत्र लिहावं, उत्तर पुढच्या अंकात देईन.