युनियन बदलायची आहे? आधी कागद जमवा

प्रश्न : आमच्या कारखान्यात मस्टरवर 400 कामगार आहेत. दोन वर्षांपूर्वी मान्यता मिळालेल्या युनियनने पगारवाढीचा करार आम्हाला न विचारता केला. आता 260 जणांना दुसऱ्या युनियनमध्ये जायचं आहे. पुढारी म्हणतात, ‘जाऊन दाखवा, नोकरी घालवून बसाल.’ आम्ही काय करावं?

उत्तर : आधी त्या धमकीचं बघू. कुठल्या युनियनमध्ये राहायचं आणि कुठली सोडायची, हे तुम्हीच ठरवायचं. यावरून कामगारावर दबाव आणणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, मग दबाव मालकाचा असो की पुढाऱ्याचा. कोण, कधी, कोणासमोर काय बोललं, ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. युनियन सोडणं आणि तिची मान्यता, म्हणजे मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क, जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमच्या एका सहीने होते, दुसरीला संख्याबळ आणि योग्य वेळ लागते. औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. या कायद्यानुसार एकापेक्षा जास्त युनियन असतील, तर मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियनच मालकाशी एकटीने वाटाघाटी करते. तुमच्याकडे हा आकडा 204 होतो. तेवढे कोणाकडेच नसतील, तर युनियनांच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद बनते आणि दर 20 टक्क्यांमागे, म्हणजे 80 कामगारांमागे, एक प्रतिनिधी मिळतो. त्यामुळे कोणाकडे किती सभासद आहेत याच्या पडताळणीपर्यंत काही जण कचरले, तरी तुम्ही अगदीच बाहेर फेकले जाणार नाही.

संहितेत मान्यतेची मुदत 3 वर्षांची आहे, पण मालक आणि युनियन यांनी आपसात ठरवलं तर ती एकूण 5 वर्षांपर्यंत जाऊ शकते. मला तुमची खरी काळजी इथेच वाटते. तुम्ही वर्षभर नुसती वाट पाहिलीत, तर तेवढ्यात मुदतवाढीवर सह्या होतील. म्हणून प्रत्येकाने जुन्या युनियनला लेखी राजीनामा द्यावा. पगारातून वर्गणी कापायला दिलेली संमती मागे घेतल्याचं पत्र मॅनेजमेंटला द्यावं आणि दोन्हींची पोच घ्यावी. नव्या युनियनची वर्गणी दरमहा पावती घेऊनच भरा. गेटवर कितीही घोषणा दिल्या, तरी पडताळणीत या पावत्याच बोलतात. मग 260 सह्यांचं पत्र मालकाला द्या : बहुमत आता आमच्याकडे आहे, जुन्या युनियनला मुदतवाढ देऊ नये.

नवी युनियन नोंदणीकृत आहे ना, हे आधी तपासा. स्वतःची काढायची असेल, तर तुमच्या कारखान्यात नोंदणीला किमान 40 कामगार सभासद लागतील.

झालेला करार मात्र युनियन बदलली म्हणून रद्द होत नाही. तो मुदत संपेपर्यंत, आणि त्यानंतरही तो संपवण्याची नोटीस देऊन 60 दिवस होईपर्यंत, सगळ्यांना लागू राहतो. नव्या युनियनला पुढच्या करारावरच बोलता येईल, हे सहकाऱ्यांना आत्ताच सांगा.

आणि रागाच्या भरात काम बंद करू नका. संपाला 14 दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. राजीनाम्यांचा मजकूरही स्वतः लिहा. मॅनेजमेंटमधलं कोणी तयार मसुदा देऊ केला तर घेऊ नका, नाहीतर नवी युनियन मालकाची आहे असा आरोप पहिल्याच दिवशी होईल.