महिलांच्या एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या) लढतींत कमजोर बाजूवर दर वेळी +३.५ ने लावलं, तर खरंच फायदा होतो का?

तपासून पाहिलंय. पैसे लावून नाही, वहीत. तुम्ही ऐकलेला मुद्दा असा, की बायकांच्या लढती बऱ्याचदा पूर्ण वेळ चालतात, म्हणून कमजोर खेळाडूला साडेतीन गुणांची सूट घेऊन, म्हणजे तिच्या गुणांत साडेतीन मिळवून, लावत राहायचं. त्यातलं अर्धं खरं आहे. त्या अर्ध्यानेच मला दोन महिने झुलवलं.

आधी हिशेब, कारण क्रिकेटच्या भावाची सवय असलेल्याला हे चटकन लागत नाही. तीन पंच असतात. प्रत्येक पंच राउंड जिंकणारीला १० आणि हरणारीला बहुतेक वेळा ९ देतो. लढत शेवटपर्यंत गेली, की तिन्ही पंचांचे गुण एकत्र करून फरक काढायचा. मी याकडे मतांसारखं बघतो. तीन राउंड, तीन पंच, म्हणजे नऊ मतं. कमजोर बाजूला त्यातली तीन मिळाली तर फरक ३, आपण वाचलो. दोनच मिळाली तर फरक ५, गेलो. आणि एखाद्या पंचाने तिच्या विरोधात एक राउंड फारच एकतर्फी धरून १०-८ दिला, तर तीन मतंही पुरत नाहीत.

पूजा तोमरची जून २०२४ मधली लढत आठवा. यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या कंपनीच्या लढतींत, जिंकलेली ती पहिली भारतीय. निकाल विभागून लागला: ३०-२७, २७-३०, ३०-२७. ‘विभागून’ म्हटलं की काठावरची लढत वाटते, पण इथे प्रत्येक पंचाला एकतर्फीच दिसली होती, फक्त बाजू वेगळी! बेरीज ८७ विरुद्ध ८४. साडेतीनची रेषा धरली, तर हरलेली रायान दोस सांतोस अर्ध्या गुणाने वाचते. उलट मार्च २०२० मधली झांग वेइली आणि योआना येंजेचिक यांची पाच राउंडची लढत. तिथे पंधरा मतं, त्यातली ८ एकीला, ७ दुसरीला, फरक १. असे निकाल पाहिले की ही पद्धत डोक्यात बसते.

मी तेच केलं. ऐरोलीला कामाला आहे. ठाण्याहून गाडीत बसायला मिळालं की मोबाइलवर गुणपत्रकं बघायची आणि घरी येऊन लांबट वहीत उतरवायची. दोन महिन्यांनी टक्का काढला, तो इतका गोड निघाला की नोकरी सोडावीशी वाटली. तो आकडा इथे देत नाही. तो खोटा होता, आणि दिला तर तुमच्या लक्षात तेवढाच राहील.

चूक बाबांनी काढली. ते मूळचे कोल्हापूरकडचे, जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेले. वही चाळून म्हणाले, “ह्यात निकाली किती झाल्या रं?”

एकही नव्हती. मी गुणपत्रकं गोळा करत होतो, आणि गुणपत्रक फक्त पूर्ण चाललेल्या लढतीचं मिळतं. जी लढत ठोशाने किंवा गळा आवळून मध्येच संपली, ती माझ्या वहीत आलीच नव्हती. आणि तिथे नियम साधा आहे: मध्येच संपवणारी जिंकली, गुण कोणी मोजत नाही, तुमचे साडेतीन गेले वाऱ्यावर. जुलियाना पेन्या आणि अमांडा नुनेस यांचंच बघा. डिसेंबर २०२१ मध्ये कोणी हिशेबात न धरलेल्या पेन्याने दुसऱ्या राउंडमध्ये गळा आवळून जिंकलं. तिच्यावर लावणाऱ्याला जादा गुणांची गरजच पडली नाही. जुलै २०२२ मध्ये पुन्हा त्याच दोघी, लढत पूर्ण चालली, आणि पेन्या ५०-४५, ५०-४४, ५०-४३ अशी हरली. फरक १८. पूर्ण वेळ चालली म्हणून काय झालं?

निकाली लढती घातल्यावर उरला भावाचा प्रश्न, आणि खरा अडसर तोच. ५२ किलोच्या गटात लढती लांबतात हे तुम्हाला-मला कळतं, तर लाइन काढणाऱ्याला, म्हणजे सूट आणि भाव ठरवणाऱ्याला, कळत नाही का? सूट घेतली की भाव पडतो. १.९१ च्या भावाला (शंभर लावून जिंकलं तर १९१ हातात) तोटा टाळायला शंभरात ५३, नेमके ५२.४, बरोबर यायला लागतात, १.५० च्या भावाला ६७. मी सगळीकडे १.९१ धरला होता. तोही माझ्या सोयीने, लढती होऊन गेल्यावर.

आणि नशीब वेगळं कसं काढणार? नाणं उडवलं तरी शंभरात ५५ किंवा जास्त छापे पाच-सहा वेळांतून एकदा येतातच. तुमची पद्धत खरोखर ५५ टक्क्यांची असेल, तर ती ५२.४ पेक्षा वेगळी आहे हे थोड्या खात्रीने म्हणायला दीडेक हजार लढती लागतात. बायकांच्या वर्षाला शंभर धरल्या तर पंधरा वर्षं. यूएफसीत बायकांची पहिली लढतच फेब्रुवारी २०१३ ची.

खरे पैसे लावण्याबद्दल एवढंच, की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे, आणि महाराष्ट्रात जुगाराचा १८८७ चा कायदा आहेच. टेलिग्रामवर कोणी सट्ट्याच्या खात्याचा ‘आयडी’ देत असेल तर घेऊ नका.

वहीत करायचंच असेल, तर लढतीच्या आदल्या रात्री लाइन आणि भाव पेनाने लिहा, पेन्सिलीने नाही. त्या दिवसाच्या यादीतल्या सगळ्या महिला लढती घ्या, आवडत्या निवडू नका. मी नवी वही घातली आहे. शनिवारी रात्री भाव उतरवतो, रविवारी सकाळी बाबा आणि मी निकाल बघतो, ‘निकाली’चा रकाना तेच भरतात. आतापर्यंत एकेचाळीस ओळी झाल्यात.