सेरोटोनिनचा रिसेप्टर आयन चॅनेल असतो म्हणजे काय? मज्जासंस्थेत त्याचं काम काय?

सेरोटोनिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, ते आधी खोडा. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि या चॅनेलचं सगळ्यात ठळक काम उलटी करवणं हे आहे.

रिसेप्टर म्हणजे सेरोटोनिन पकडणारं पेशीवरचं प्रथिन; त्यांची ७ कुटुंबं. त्यातली ६ पेशीच्या आतल्या जी-प्रोटीन नावाच्या मध्यस्थामार्फत आरामात निरोप पोचवतात. एकटा ५-एचटी३ स्वतःच आयन (विद्युतभारित कण) आत सोडणारं दार, म्हणजे आयन चॅनेल, आहे: ५ उपघटक गोलात उभे, मधे भोक. सेरोटोनिन चिकटलं की मिलिसेकंदांत उघडतो, सोडियम आत शिरतं, पेशी पेटते.

आता माझं दुखणं. पीएचडीत मी पॅच क्लँपवर (पेशीला बारीक काचनळी चिकटवून प्रवाह मोजायचं तंत्र) हाच चॅनेल मोजायचे. एचईके (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या) पेशी, त्यात या चॅनेलचा ३ए हा उपघटक, पेशीचं व्होल्टेज उणे ६० मिलिव्होल्टवर धरलेलं. सेरोटोनिनच्या पहिल्या फवाऱ्याला प्रवाहाची खोल दरी, दुसऱ्याला निम्मी, तिसऱ्याला सपाट रेघ. सर मागून म्हणायचे, “पेशी मेली, पुढची घे.” अशा चाळीसेक टाकल्या. अहो, मेलेल्या पेशीचा गिगाओम सील (काचनळी आणि पेशीमधला घट्ट जोड) इतका शाबूत राहतो का? मला ते दिसत होतं, तोंड उघडत नव्हतं.

एका रात्री सर नव्हते. पेशी टाकली नाही, नुसती धूत बसले. काही मिनिटांनी फवारा दिला, दरी जशीच्या तशी! चॅनेल डिसेन्सिटाइझ झाला होता. सेरोटोनिन चिकटलेलं असतानाच हा मिटतो आणि परत तयार व्हायला वेळ घेतो. त्यात सेरोटोनिन सोडणारा आमचा व्हॉल्व्ह झिरपत होता. तेवढ्या थेंबांनीही तो मिटूनच राहायचा. सकाळी रेकॉर्डिंग दाखवलं. सर म्हणाले, “योगायोग.”

हां, मज्जासंस्था. वेगस नसेच्या (आतड्यातून मेंदूकडे निरोप नेणारी नस) टोकांवर आणि मेंदूच्या तळाशी एरिया पोस्ट्रेमा या उलटीशी जोडलेल्या भागात हा भरपूर. सिसप्लॅटिनसारखी कॅन्सरची केमो दिली की आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन ओततात, वेगस खवळते, उलटी. ऑनडॅनसेट्रॉन हे उलटीवरचं औषध नेमकं हेच दार अडवतं. त्याने बद्धकोष्ठ होतं तेही आतड्यातली हीच दारं अडल्यामुळे. कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) मात्र हा मुख्यतः गाबा हे शांत करणारं रसायन सोडणाऱ्या इंटरन्यूरॉन्सवर (आसपासच्या पेशींना आवरणाऱ्या मज्जापेशींवर) बसतो, म्हणजे उत्तेजक चॅनेल असून शेवटी लगामच खेचतो. मला हे सगळ्यात आवडतं, पण त्यावर काम करायला मिळालं नाही.

माझ्या पेशींत फक्त ३ए होता हे सांगायला हवं. त्यात ३बी हा दुसरा उपघटक मिसळला की एका चॅनेलमधून कितीतरी जास्त प्रवाह जातो आणि मिटण्याचा वेगही बदलतो, तेव्हा माझी मिनिटं खऱ्या न्यूरॉनला लावू नका. आणि गाडी लागते त्यावर ऑनडॅनसेट्रॉन फारसं चालत नाही, तो मार्ग वेगळा.

तुम्ही स्वतः रेकॉर्डिंग करणार असाल तर दोन फवाऱ्यांत भरपूर अंतर ठेवा, व्हॉल्व्ह तपासा, आणि “मेली” ऐकलं की आधी सीलचा आकडा वहीत लिहा. माझ्या त्या चाळीसही पेशींचे आहेत, तारखेसकट.