घरी गाडीचं काम करायचंय, १०८ पीसचा टूल सेट घेऊ का सुटे पाने घेऊ?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: जुनी वॅगनआर आहे, पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी आणि जमलं तर ब्रेक पॅड एवढं घरी करायचंय, बजेट सहा हजार, ऑनलाइन एक १०८ पीसचा सेट सुटकेसमध्ये लय भारी दिसतोय तर तो घेऊ का. आणि शेवटी हळूच विचारलंय की सोसायटीवाले ओरडतील का. त्याचं पण सांगतो.

सेट नका घेऊ. मी घेतला होता म्हणून सांगतोय. पेटी उघडली की डोळे दिपायचे, बायकोने पण विचारलं की गॅरेज काढतोयस का. त्या १०८ मधले निम्म्याहून जास्त पीस म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची छोटी छोटी टोकं होती, ती पण मोजणीत धरलेली. वर्षभराने एकदा पेटी पुसायला घेतली तर १०, १२, १४ आणि १७ च्या गोट्यांवर, म्हणजे नटावर बसणाऱ्या सॉकेटवर, चरे पडलेले, कडा घासलेल्या, आणि बाकी सगळ्या गोट्या कालच दुकानातून आणल्यासारख्या चकचकीत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण चार गोट्यांसाठी पन्नास गोट्यांचे पैसे दिले, आणि त्यातल्या ज्या चार लागतात त्या पण हलक्या मालाच्या. रॅचेटचे, म्हणजे गोटी लावून फिरवायच्या दांड्याचे, आतले दात तर दुसऱ्या पावसाळ्यातच गेले, जोर लावला की कटकन सुटायचा, एकदा असाच सुटला आणि हात रेडिएटरच्या फॅनच्या कव्हरवर आपटला, उजव्या हाताच्या दोन बोटांची सालटी निघाली.

हेच चार साइज का, तर आपल्याकडच्या मारुती, होंडा, टोयोटा ह्या जपानी वळणाच्या गाड्या. त्यांच्यात ६ मिमी जाडीच्या बोल्टचं डोकं बहुतेक १० चं, ८ मिमीचं १२, १० मिमीचं १४ आणि १२ मिमीचं १७ असतं. पान्यावरचा आकडा म्हणजे डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर, बोल्टची जाडी नाही, इथे नवीन माणसाची गल्लत होते. म्हणजे ८, १०, १२, १४, १७, १९ एवढे सहा असले की तुमच्या वॅगनआरचं तुम्ही लिहिलंय ते जवळपास सगळं काम होतं. उद्या फोक्सवॅगन पोलो किंवा स्कोडा रॅपिड घेतलीत तर गणित बदलतं, तिथे १३ आणि १६ लागतात, चाकाचे बोल्ट १७ चे, आणि जागोजागी सहा पाकळ्यांचे टॉर्क्स. म्हणून आधी गाडी बघायची, मग पाने घ्यायचे.

आता काय घ्यायचं ते. ८ ते १९ चे कॉम्बिनेशन पाने, म्हणजे एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघड्या तोंडाचा फिक्स. हे टपारियाचे घेतले तरी घरच्या कामाला आयुष्यभर पुरतात, आपल्याच नाशकात सातपूर एमआयडीसीत त्यांचा कारखाना आहे आणि मी स्वतः तेच वापरतो, त्यामुळे थोडा पक्षपात समजा. नट ढिला करायचा आणि शेवटचा घट्ट करायचा तो रिंगने, मधलं नुसतं फिरवणं फिक्सने. फिक्स पाना डोक्याच्या दोनच बाजू धरतो, त्याने जाम नट सोडवायला गेलात तर कोपरे गोल होतात, आणि एकदा नट गोल झाला की मग पुढची मजा वेगळीच.

गोट्या घ्यायच्या तर सहा कोनीच मागा, बारा कोनी नको. बारा कोनी पटकन बसते हे खरं, पण ती नुसत्या कोपऱ्यांवर जोर देते, गंजलेल्या नटाला तिथेच सोलते. ड्राइव्हचा साइज, म्हणजे गोटीच्या मागचा चौकोनी खड्डा, तो पाव इंची, तीन सूत आणि अर्धा इंची असा येतो. (हार्डवेअरवाला सूतातच बोलेल, आठ सूत म्हणजे एक इंच.) घरासाठी एकच घ्यायचा असेल तर माझं मत तीन सूत. पाव इंचीने प्लग सुटत नाही, अर्धा इंचीने छोटे बोल्ट कधी तुटतात ते कळत नाही. पण खरी अडचण सांगतो, आपल्याकडे साध्या दुकानात तीन सूत कमी मिळतो, सगळीकडे अर्धा इंचीच पुढे करतात, कारण गॅरेजवाले तोच नेतात. नाही मिळाला तर अर्धा इंची घ्या आणि १२ च्या खालच्या नटांना हातातले पानेच वापरा. सोबत एक लांब आणि एक छोटं एक्स्टेन्शन (रॅचेट आणि गोटीच्या मध्ये लावायचा दांडा), आणि प्लगसाठी १६ ची खोल गोटी, आत रबर असलेली, म्हणजे प्लग वर ओढताना खड्ड्यात परत पडत नाही.

बाकी एक पक्कड, एक नोज प्लायर, चपटा आणि फुलीचा असे बरे दोन स्क्रू ड्रायव्हर. फुलीच्या स्क्रूचं एक लक्षात ठेवा, जपानी स्क्रूची फुली आणि आपला नेहमीचा फिलिप्स दिसायला सारखेच पण थोडा फरक असतो, जोर लावला की फिलिप्स उसळून बाहेर येतो आणि फुलीची वाटी होते. म्हणून फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर ठेवायचा. एक छोटा हातोडा, वायर ब्रश, जाम नट सोडवायला डब्ल्यूडी-४० चा स्प्रे, ऑइल काढायला पसरट टब. झालं.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती आणि जिच्यापायी माझे पैसे गेले. पाने रांगेत लावून बघा, ८ चा छोटासा आणि १९ चा वीतभर, हे काही शोभेसाठी नाही. पान्याची लांबी त्या नटाच्या ताकदीप्रमाणे ठेवलेली असते. १० च्या डोक्याच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर (आवळायचा जोर ह्यात मोजतात) पुरतं, तो पाना छोटा असल्यामुळे नुसत्या मनगटाने ओढलं तरी तेवढं होऊन जातं. तोच बोल्ट अर्धा इंचीच्या लांब रॅचेटने आवळलात तर तिप्पट चौपट जोर जातो आणि हाताला काही कळत पण नाही. मी नेमकं हेच केलं, बोल्ट १० चा नव्हता, ऑइलचा ड्रेन बोल्ट होता, म्हणजे इंजिनच्या खालचा, जो काढला की जुनं ऑइल बाहेर येतं, पहिल्यांदाच ऑइल बदलत होतो, गळेल ह्या भीतीने रॅचेट लावून "अजून थोडं, अजून थोडं" करत गेलो आणि एकदम हात हलका लागला. घट्ट होता होता बोल्ट अचानक गोड फिरायला लागला ना की समजायचं आटे गेले. रविवार, गाडीत ऑइल नाही, आणि सोमवारी सकाळी ऑफिस. शेवटी कोपऱ्यावरचा मिस्त्री घरी आला, त्याने एक साइज जाड बोल्टने नवीन आटे पाडून दिले, पैसे घेतले ते घेतले वर म्हणाला, साहेब बोल्ट आवळायचा असतो, मारायचा नसतो.

तेव्हापासून माझा नियम असा की प्रत्येक बोल्ट आधी दोन बोटांनी तीन-चार आटे फिरवायचा, पान्याला हातच लावायचा नाही. बोटाने जात नसेल तर तो वाकडा बसलाय, काढून परत लावायचा. प्लगच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं आणि प्लग लोखंडाचा, वाकडा घातलात तर प्लगचं काही होत नाही, हेडचं होतं. आणि ड्रेन बोल्टखालचा वायसर दर वेळी नवीन टाका, वीस-तीस रुपयांसाठी जुना चेपलेला वापरून मग गळतं म्हणून बोल्ट आवळत बसतात लोक, माझ्यासारखे.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की क्लिक करून सांगणारा पाना, घ्यावा का? घ्या, पण पहिल्याच महिन्यात नको. परवडेल तेव्हा अर्धा इंची क्लिकवाला घ्या, चाकाच्या नटांना तोच लागतो. छोट्या गाड्यांना चाकाचा नट साधारण ८० ते ११० न्यूटन मीटर, तुमचा नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. क्लिक झालं की थांबायचं, खात्रीसाठी अजून दोनदा ओढायचं नाही, नट सोडवायला तो वापरायचा नाही, आणि काम झालं की स्प्रिंग ढिली करून म्हणजे सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा.

आता ह्या सगळ्याच्या आधी पैसे कशावर घालायचे ते. जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी पाय, दोन नग. तुमच्या यादीत ते नव्हतेच म्हणून जरा जोरात सांगतोय. गाडीसोबत येतो तो कात्रीसारखा जॅक फक्त स्टेपनी बदलायला, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं काय हात पण घालायचा नाही. हायड्रॉलिक जॅक आणलात तरी तेच, आतलं सील कधी जाईल सांगता येत नाही, जॅकने फक्त उचलायची आणि लगेच स्टँडवर उतरवायची. विटा, दगड, पोकळ सिमेंटचे ब्लॉक हे खाली लावू नका, ब्लॉक तडकतो तो आधी सांगून तडकत नाही. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर ते वजनाने खचतात, जॅकच्या आणि स्टँडच्या खाली जाड प्लायचा तुकडा टाका. समोरच्या बाजूला उचलणार असाल तर मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडं लावा, हँडब्रेक ओढा, आणि उचलल्यावर, आत जायच्या आधी, गाडी हाताने एकदा चांगली हलवून बघा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे, हवेत उचलल्यावर नाही. सहा हजारात सगळं बसत नसेल तर गोट्यांचा सेट पुढच्या महिन्यावर ढकला, स्टँड नको ढकलू.

बॅटरीचं काम सगळ्यात सोपं, १० चा पाना आणि पाच मिनिटं, पण क्रम चुकला की ठिणग्या. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण गाडीची पूर्ण बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, तुम्ही पॉझिटिव्ह सोडवताना पाना कुठेतरी पत्र्याला टेकला तर सरळ शॉर्ट. हातातली अंगठी आणि मेटलचं घड्याळ काढून ठेवा.

ब्रेक पॅडबद्दल माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा मिस्त्रीकडे उभं राहून बघा, दुसऱ्यांदा स्वतः करा. अवघड नाहीये, १२ किंवा १४ चे दोन बोल्ट असतात आणि पिस्टन मागे ढकलायला एक सी क्लॅम्प. पण दोन चुका सगळे करतात. कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा भाग, नुसता होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवतात, तो तारेने चाकामागच्या स्प्रिंगला बांधायचा. आणि काम झाल्यावर पेडल पंप न करता गाडी काढतात, पहिल्या ब्रेकला पेडल तळाला जातं आणि समोर पार्किंगची भिंत असते.

कुठून घ्यायचं? पाने, गोट्या रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला हार्डवेअरची दुकानं आहेत तिथे हातात घेऊन, वजन बघून घ्या, फिल्टर, प्लग, वायसर असली स्पेअरची खरेदी नाना पेठेत. मुंबईवाल्यांना नागदेवी स्ट्रीट. पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो तिथे जुने विलायती पाने मिळतात, पोलाद असं की आजच्याला लाज वाटावी, मला फार मोह होतो तिकडे गेलो की. पण त्यावरचे आकडे इंचात असतात हे बघा. पाऊण इंची म्हणजे १९.०५ मिमी, तो १९ च्या जागी बिनधास्त चालतो. अर्धा इंची म्हणजे १२.७, तो १२ च्या नटावर सैल बसतो आणि नट सोलतो. आणि आकड्यापुढे डब्ल्यू असेल तर तो जुना ब्रिटिश व्हिटवर्थ, त्यात आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तीन सूत लिहिलेल्या पान्याचं तोंड १८ मिमीचं निघतं. असा एक माझ्याकडे आहे, पेपरवेट म्हणून.

१० ची गोटी दोन घ्या. का ते कळेलच.

सोसायटीचं म्हणाल तर ओरडतात ते आवाजाला नाही, डागाला ओरडतात. टीव्हीचा किंवा फ्रिजचा मोठा खोका फाडून खाली अंथरा, ऑइल काढताना रविवारी सकाळी लवकर बसा, आणि जुनं ऑइल, तीन लिटरच्या आसपास निघेल, ते त्याच नवीन ऑइलच्या कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला नेऊन द्या, त्यांच्याकडे घेऊन जाणारे येतात. गटारात ओतू नका, आणि वॉचमनला तर अजिबात देऊ नका, आमच्याकडच्याने ते गेटच्या कडीला लावलं होतं, आठवडाभर सगळ्यांचे शर्ट काळे.