कॅनडातल्या नव्या मिठाच्या खाणीच्या शेअरकडून किती परताव्याची अपेक्षा ठेवावी?

प्रश्न असा आहे: न्यूफाउंडलंडमध्ये ॲटलस सॉल्ट ही छोटी कंपनी सेंट जॉर्जेसजवळ जमिनीखालच्या मिठाची खाण काढतेय, प्रकल्पाची किंमत कंपनीच्या बाजारमूल्याच्या कितीतरी पट दाखवली आहे, तर शेअर तेवढ्या पट वाढेल का?

थेट सांगायचं तर नाही. तसा हिशेब करणंच चुकीचं आहे, आणि खाणीच्या शेअरमध्ये पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण नेमका तोच करतात.

आधी कागदावरचे आकडे. 2023 च्या व्यवहार्यता अहवालात वर्षाला 25 लाख टन उपसा, 34 वर्षं आयुष्य आणि सुरुवातीचा खर्च 48 कोटी कॅनेडियन डॉलर धरला होता. 2025 च्या सुधारित अहवालात उपसा 40 लाख टन झाला, खर्च 58.9 कोटी, आयुष्य साधारण 24 वर्षं, करानंतरची एनपीव्ही, म्हणजे पुढच्या सगळ्या कमाईचं खर्च वजा जाता आजचं मूल्य, (8 टक्के दराने) 92 कोटी आणि आयआरआर, म्हणजे गुंतवणुकीवरचा वार्षिक परतावा, 21.3 टक्के. खाणीयोग्य साठा सुमारे 88 दशलक्ष टनांवरून 95 वर गेला, म्हणजे फारसा वाढलाच नाही. 40 लाख म्हणजे 4 दशलक्ष; 95 ला 4 ने भागा, आयुष्य का घटलं ते दिसेल. मीठ तेच आहे, काढायचा वेग वाढवलाय. पैसा लवकर हाती येतो म्हणून एनपीव्ही फुगते. यात लबाडी नाही, पण एवढं जास्तीचं मीठ विकलं जाईल हे मात्र त्यात गृहीत आहे.

आता तुमच्या हिश्श्याचं बघू. सोपे आकडे घेतो, हे कंपनीचे खरे आकडे नव्हेत. समजा 10 कोटी शेअर आहेत आणि भाव 80 सेंट, म्हणजे बाजारमूल्य 8 कोटी. खर्चाचे 60 टक्के कर्जातून आले तर उरलेले साधारण 23.5 कोटी भांडवल म्हणून उभे करावे लागतील. त्याच भावाने शेअर विकले तर 29.4 कोटी नवे शेअर निघतात, एकूण 39.4 कोटी. एनपीव्हीतून खाणीचा खर्च आधीच वजा झालेला असतो, म्हणून नव्याने जमलेली रोकड मिळवू: 92 अधिक 23.5, भागिले 39.4. शेअरमागे 2.93 डॉलर. आधी डोळ्यांसमोर होते ते 9.20 (92 भागिले 10). शिवाय नवे शेअर बाजारभावापेक्षा स्वस्त द्यावे लागतात आणि सोबत बहुधा वॉरंटही, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचे हक्कही, जातात, त्यामुळे 2.93 सुद्धा उदारच. उशिराचाही खर्च आहे. 8 टक्के दराने सगळं एक वर्ष पुढे ढकललं की 92 चे आजचे 85 उरतात.

बांधकाम सुरू होण्याआधी बाजार एनपीव्हीचा जेमतेम एखादा हिस्साच भावात धरतो, आणि ते रास्तही आहे. कर्ज मंजूर होणं, पक्के विक्री करार आणि बोगदा मिठापर्यंत पोचणं, हे तीन टप्पे पार पडतील तसा तो हिस्सा वाढतो. लाभांश विसरा. पहिली काही वर्षं रोकड बँकेकडे जाणार आहे.

करार वाचताना एकच शब्द शोधा: बंधनकारक. सामंजस्य करारावर बँक कर्ज देत नाही. तिला ‘माल उचला नाहीतर पैसे भरा’ असं कलम हवं असतं. रस्त्यावरचं बर्फ वितळवायच्या मिठात असं कलम मिळवणं कठीण, कारण शेवटचा गिऱ्हाईक म्हणजे नगरपालिका किंवा राज्याचं रस्तेखातं, आणि त्यांची गरज हिवाळ्यावर ठरते. 2023-24 चा हिवाळा उत्तर अमेरिकेत सौम्य गेला. कंपास मिनरल्स या मीठ कंपनीकडे कॅनडातल्या ह्युरॉन सरोवराखालची गॉडरिच खाण आहे, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण. माल तुंबल्यावर तिथलंही उत्पादन कमी करावं लागलं. टेंडर उन्हाळ्याच्या आसपास लागतात, माल हिवाळ्यात उचलला जातो, आणि मधले महिने तो बंदरावर ढिगाऱ्यात पडून असतो. त्या ढिगाऱ्यात अडकणारं खेळतं भांडवल अहवालात किती धरलंय ते जरूर बघा.

मीठ स्वस्त आणि जड. बोस्टनला पोचेपर्यंत किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा होतो. या प्रकल्पाची खरी जमेची बाजू म्हणजे खोल उभ्या शाफ्टऐवजी (विहिरीसारख्या वाटेऐवजी) तिरक्या बोगद्याने आत जाता येणं आणि बंदर जवळ असणं. भूगर्भ त्यामानाने सोपा: रस्त्याच्या मिठाला साधारण 95 टक्के सोडियम क्लोराइड लागतं, आणि इथला साठा सरासरी 96 टक्क्यांच्या आसपास आहे. सरासरी मात्र काठावरची आहे. मातीचे थर जास्त मिसळले की तो माल निकषाखाली जातो.

आणि पाणी. सोन्याच्या खाणीत पाणी शिरलं तर पंप लावतात, मिठाच्या खाणीत पाणी छत पेलायला सोडलेले मिठाचे खांबच विरघळवतं. न्यूयॉर्क राज्यातल्या रेटसॉफमध्ये, उत्तर अमेरिकेतल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या मीठखाणीत, 12 मार्च 1994 रोजी छत कोसळलं. खालून छत थोडं दबू द्यायचं म्हणून त्या भागात मुद्दाम बारीक खांब ठेवले होते. वरच्या जलधर थरातलं पाणी आत आलं, वर जमीन खचली आणि पुढच्या वर्षअखेरीपर्यंत पूर्ण खाण बुडाली. म्हणून अहवालात खांबांची रुंदी, छताखाली किती मीठ राखलंय आणि बोगदा पाणी धरणाऱ्या थरातून कसा नेणार, ही पानं एनपीव्हीच्या तक्त्याआधी वाचा. बोगद्यातच पाणी लागलं तर सगळ्या वेळापत्रकात मिठाचा खडा पडतो.

चांगल्या शक्यतेचं मोजमापही आहे. के+एस या जर्मन कंपनीने आपला अमेरिका खंडातला मीठव्यवसाय, मॉर्टन आणि विंडसर या ब्रँडसकट, 2021 मध्ये 3.2 अब्ज अमेरिकी डॉलरना विकला. व्याज-कर-घसाऱ्याआधीच्या नफ्याच्या सुमारे साडेबारा पट. चालू खाणीला गिऱ्हाईक चांगला भाव देतात. पण ती किंमत चालणाऱ्या खाणींची आणि ब्रँडची होती, आराखड्याची नव्हे.

माझं मत: बांधकामाचं कर्ज पक्कं होईपर्यंत गुंतवलेलं सगळं बुडालं तरी चालेल एवढीच रक्कम घाला, आणि एकदम नको. भांडवल उभारणीची घोषणा झाली की भाव बहुधा पडतो, निम्मे पैसे तेव्हासाठी ठेवा. भारतातून पाठवत असाल तर एलआरएसची (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) मर्यादा वर्षाला 2.5 लाख अमेरिकी डॉलर आहे, आणि शेअर नफ्यात नसला तरी प्राप्तिकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, म्हणजे शेड्यूल एफएमध्ये, तो दाखवावाच लागतो.